पुलावर मागितलेला वाटा

४ मार्च

झानिल,

फोन तू उचलत नाहीस. संदेश पाठवला तर त्याच्या खुणा राखाडीच राहतात. म्हणून हे शाईचं पत्र, अल्माटीला जाणाऱ्या गाडीवाल्याच्या हाती देते आहे. तुझ्या त्या रानसफरचंदांच्या संस्थेचा पत्ता आमच्याच कार्यालयातल्या कॅलेंडरवर सापडला. कॅलेंडर सुंदर आहे, सफरचंदंही सुंदर आहेत. झाडं एका जागी उभी राहतात, कोणी बंदूक घेऊन त्यांच्या मागे लागत नाही. तुझं बरं आहे.

रागावू नकोस. म्हणजे रागावलेली आहेसच, त्यात भर घालू नकोस.

कामाचं सांगते. वीस मार्चला गावच्या क्लबात जिल्ह्याची समिती बसणार आहे. तेकेसायची दरी पुढेही आपल्या बायकांच्या निधीकडे ठेवायची, की शहरातल्या शिकारतळवाल्यांना द्यायची, ते त्या दिवशी ठरेल. आपली सगळी वर्षं चोख गेली आहेत. दरीत गोळी सुटली नाही. तेकेंचे कळप आता खालच्या कुरणापर्यंत उतरतात, एवढाली शिंगं घेऊन ते रानबोकड आपल्या मेंढ्यांकडे असे बघतात, जसे काही हेच मालक. तेव्हा ठरल्यात जमा आहे. फक्त ते एक कलम आहे, ज्याच्यावरून तू दार आपटून गेलीस.

तुला पाठ असेल, तरी लिहिते, माझ्याच डोक्यात ते नीट बसावं म्हणून. गावातल्या कुठल्याही घरात तेकेचं मांस सापडलं तर दरी आपल्या हातून गेली. मेलेलं जनावर कोणाला मिळालं तर अख्खंच्या अख्खं समितीपुढे आणायचं. त्याला सुरी लागली की संपलं. कलम माझं होतं. त्याशिवाय जिल्ह्यातले साहेब बायकांच्या हाती दरी देईनात. म्हणे, तुमचेच नवरे आणि दीर बंदुका घेऊन बसलेत, त्यांना तुम्ही काय आवरणार. तू तेव्हा, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं, म्हणाली होतीस, "एजे, हिमलोटात एखादं जनावर मेलं आणि कोणी अजाणता कापलं, तर?" मी म्हणाले होते, "आपल्याकडे हिमलोट नेमका लग्नाच्या आदल्या दिवशी येतो, मांस हवं असतं तेव्हाच." सगळी सभा हसली होती. तू हसली नव्हतीस.

आता एका गोष्टीत तुझं मत हवं आहे. समज, आपल्या निधीतली एक बाई आहे. ती नारीन शहराहून परत येत होती. गाडीने तिला फाट्यावर सोडलं, ती पायी पुलापर्यंत आली. समोरून घोड्यावर तिचे थोरले दीर. जिनावर आडवा टाकलेला तेके, शिंगं घोड्याच्या पोटाशी लोंबताहेत. आणि त्या बाईच्या तोंडून, स्वतःला काही कळायच्या आत, निघून गेलं: "शिराल्गा!"

तू शहरात वाढलीस. शिकाऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हा शब्द कोणी शिकवत नाही. आमचा बाप डोंगर उतरताना दिसला की आम्ही भावंडं कुंपणावर चढून ओरडायचो. वाटेत भेटून जो शिराल्गा म्हणेल, मग तो सख्खा असो की वाटसरू, त्याला शिकारीतला वाटा द्यायचा. नाही म्हटलं तर त्या शिकाऱ्याच्या हाताचं यश गेलं. आणि मागणाऱ्यानेही दिलेलं घ्यायचंच, नको म्हणायचं नाही. तर दीर हसले, खाली उतरले, मागची एक तंगडी कापून त्यांनी त्या बाईच्या हातात दिली. तिने घेतली.

तंगडी सध्या तिच्या पडवीत टांगलेली आहे. तिने काय करावं? बिचारी फार गोंधळली आहे. तिला मी काय सांगू, तेवढं कळव.

बुरुल


९ मार्च

झानिल,

ती बाई मीच. तुला पहिल्या ओळीलाच कळलं असणार आणि तू तुझा तो एका बाजूचा ओठ वाकवून हसली असणार.

आणि तंगडी पडवीत टांगलेली नाही. तेही खोटंच लिहिलं होतं. घरी आले तशी मी ती शिजवली. मी ठरवून काही केलं नाही ग. हातांनी चूल पेटवली, हातांनी कांदा चिरला, हातांनी पातेलं चढवलं. मीठ घालताना माझ्या लक्षात आलं की मी कोण आहे. तोवर वास शेजारी गेला होता. शेजारीण दारात उभी, म्हणाली, "बुरुल, आज काय सुगंध सुटलाय!" आणि मी तिला वाटी भरून दिली. एकटीने खायचं नसतं म्हणून.

काल आठ मार्च. जिल्ह्याच्या सभागृहात बायकांचा सत्कार. मला शाल पांघरली, चहाच्या कपांचा संच दिला, आणि सोनेरी अक्षरांचं एक प्रमाणपत्र: "डोंगरांची माता." परदेशातल्या न्यासाच्या उर्सुलाबाई मोठ्या पडद्यावर दिसत होत्या. त्या म्हणाल्या, तुमच्यासारख्या स्त्रियांमुळे आम्हाला आमच्या देणगीचा अर्थ कळतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, स्वतःसाठीच. माझ्या दातात त्या वेळीसुद्धा तेकेच्या मांसाचा एक तंतू अडकला होता आणि जीभ सारखी तिकडे जात होती.

परत आले तर अंगणात सेयिल उभी. तुझ्या वेळी ती नुकतीच कामाला लागली होती. आता आपल्या रक्षक बायकांची मुख्य आहे, दुर्बीण गळ्यातून काढत नाही. शाल बघून म्हणाली, "शोभते हो, एजे. आता फक्त शिंगं लावायची राहिली."

"हसतेस काय, ये, चहा घे."

"चहा नंतर. तेकेसायच्या तोंडाशी, पुलाजवळ, रक्त आहे. केस आहेत, खूर आहे, घोड्याची वाट आहे. वाट गावाकडे आली आणि मेंढ्यांच्या पायवाटेत हरवली." मग तिने माझ्या पायरीकडे पाहिलं. तिथे गावातली तीन कुत्री जमिनीला नाक लावून बसली होती. "यांचं काय चाललंय तुमच्या दारात?"

"कुत्र्यांनाही अध्यक्षबाईंचा मान कळतो," मी म्हणाले.

ती हसली. मग हसायची थांबली. माझ्याकडे बघत राहिली आणि मी शालीच्या गोंड्याशी खेळत राहिले. चहा न घेताच गेली.

आता मला सांग, मी तिला काय सांगायला हवं होतं? तू नेहमी म्हणायचीस की मला सगळ्याची उत्तरं तोंडपाठ असतात. या वेळी एकही नाही.

बुरुल


१४ मार्च

झानिल,

तुझं पार्सल मिळालं. वाळवलेल्या रानसफरचंदांच्या फोडी, पिशवीवर तुमच्या संस्थेचं बोधचिन्ह, आत चिठ्ठी नाही. मी पिशवी उलटी करून झटकली. आता हा रुसवा सोडल्याचा निरोप समजायचा, की तुमच्याकडे सगळ्याच संस्थांना नमुने पाठवतात? दोन फोडी खाल्ल्या. आंबट आहेत. त्यावरूनही काही कळलं नाही.

मी थोरल्यांकडे जाऊन आले. पत्रभर मी त्यांना थोरलेच म्हणणार आणि तोंडावर बाइके, म्हणजे दादा, तुला ठाऊक आहे. आमच्यात केलिन, म्हणजे सून, सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घेत नाही. आमच्या ह्यांना जाऊन इतकी वर्षं झाली, पण सून म्हणजे सून. लग्न होऊन आले त्या दिवसापासून ते नाव माझ्या तोंडून निघालेलं नाही, मनातसुद्धा नाही.

रोटी आणि खडीसाखर घेऊन गेले. जाऊबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. हिवाळाभर त्यांना अन्न जात नाही. मला बघून उठायला लागल्या, मी दाबून झोपवलं. म्हणाल्या, "परवा रस्सा प्याले. वाटीभर. पोटात राहिला." कुठला रस्सा, ते मी विचारलं नाही.

थोरले घोड्याचा लगाम शिवत होते. मी बसले, इकडचं तिकडचं बोलले, मेंढ्या कधी व्यायच्या वगैरे. शेवटी म्हटलं, "बाइके, तो तेके. गोळी घातलीत का?"

त्यांनी सुई दातात धरली. "केलिन, शिराल्गा मागणारा असलं विचारतो का कधी?"

"मी निधीची अध्यक्ष म्हणून विचारते आहे."

"हे नवीनच. पुलावर कोण होती मग?"

मी खडीसाखरेची पुडी त्यांच्याकडे सरकवली. लगाम खाली ठेवून ते म्हणाले, "हिमलोट आला होता. तेके कमरेपर्यंत गाडलेला, पाठ मोडलेली, डोळे उघडे. मी बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवली, तडफडत कसा सोडणार? मग घोड्यावर घातला आणि खाली निघालो. कुठे निघालो होतो सांग."

"कुठे?"

"तुझ्या दारी! कलम मला माहीत नाही का? गावातल्या भिंतीभिंतीवर चिकटवलंयस. म्हटलं, अख्खा नेऊन तिच्यापुढे टाकतो, ती तिच्या कागदावर काय लिहायचं ते लिहील. गळ्यावर सुरी आहे म्हणून ओरडेल, पण लिहील. आणि पुलावर तूच समोर आलीस आणि शिराल्गा म्हणून ओरडलीस. मला वाटलं, वा! आमची केलिन माणसात आली. अध्यक्षबाईंनी वाटा मागितला म्हणजे हरकत नाही. तिथेच कापला. उरलेला घरोघरी दिला. वाटा सुरू झाला की मग तो सगळ्यांचा."

"सगळ्यांचा म्हणजे कोणाकोणाला दिलात?"

"कोणाला नाही दिला ते विचार."

झानिल, मी ओरडले नसते तर तो तेके अख्खा माझ्या अंगणात आला असता. गळ्याला सुरी लागली म्हणून समितीने कुरकुर केली असती, पण मोडलेली पाठ दिसली असती, प्रकरण मिटलं असतं. मीच एका शब्दाने त्याचे तुकडे केले. आता मोडलेली पाठ दाखवायला पाठच उरलेली नाही, गावाने ती खाल्ली.

आणि यातही एक गोम आहे. थोरले खरं बोलत असतील का? ते आयुष्यभर थट्टा करत आले आहेत. माझ्या लग्नात त्यांनी मला सांगितलं होतं की नवरा बहिरा आहे, आणि मी तीन दिवस ह्यांच्याशी ओरडून बोलत होते. त्या दिवशीही त्यांच्या डोळ्यांत तसलंच काहीतरी होतं, किंवा नव्हतं. जाऊबाईंना आजारपणात कियिकचा, म्हणजे रानातल्या जनावराचा, रस्सा हवा होता, तेही खरं आहे. निघताना मी खुंटीकडे पाहिलं. बंदूक जागेवर होती आणि तिच्यावर धूळ होती. पण धूळ काय, आमच्याकडे रोज बसते.

मला त्यांचा राग येतो, मग लगेच माझा येतो, मग तुझा येतो. तुझा का येतो, ते शोधते आहे.

बुरुल


१९ मार्च

झानिल,

उद्या सभा आहे.

न बोलायचं ठरवलं तर काय होईल, ते मी मांडून पाहिलं. काही होणार नाही. ज्यांनी खाल्लं ते बोलणार नाहीत, आणि खाल्लं सगळ्यांनी. दरी आपल्याकडे राहील. तेके राहतील. पहिल्या वर्षी आपण दोघींनी पुलावर आपल्या रुखवताचे नमद्याचे गालिचे अंथरले होते, आठवतं? शिकाऱ्यांच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या. एका आईने मुलीसाठी हिवाळे घालवून शिवलेल्या शिर्दाकावर चाक घालायची एकाही ड्रायव्हरची छाती झाली नाही. तुझा तो लाल किनारीचा होता, चिखलाने वाटोळं झालं त्याचं. एवढ्या सगळ्यावर मी एका तंगडीपायी पाणी सोडू?

आणि बोलायचं ठरवलं तर "कोणी आणलं?" हा प्रश्न येणारच. म्हणून आज सकाळी मी गोठ्यात गेले, दार लावून घेतलं आणि थोरल्यांचं नाव मोठ्याने घ्यायचा सराव केला. पहिलं अक्षर आलं. त्यापुढे मला खोकलाच लागला. पुन्हा केला, पुन्हा तेच. गाईने रवंथ थांबवून माझ्याकडे पाहिलं. मंत्र्यांसमोर, परदेशातल्या व्यासपीठांवर मी बोलले आहे, दुभाष्याची वाट न बघता बोलले आहे. आणि स्वतःच्या गोठ्यात मला एक नाव घेता येईना.

तू असतीस तर म्हणाली असतीस, एजे, हे सगळं बाजूला ठेवा, तुम्हाला काय करावंसं वाटतं? तोच तर घोळ आहे. मला दोन्ही करावंसं वाटतं. एका घटकेला मी बोलणार असते, तेव्हा हलकं वाटतं. दुसऱ्या घटकेला गप्प राहणार असते, तेव्हाही हलकंच वाटतं.

चहात दोनदा मीठ घातलं आज. तसाच प्याले.

बुरुल


२२ मार्च

झानिल,

झालं ते सांगते. मध्ये थांबले तर लिहिता येणार नाही.

क्लब भरला होता. स्टेजच्या मागे वसंताच्या सणाची, नूरूजची, सजावट लावून ठेवलेली, कागदी ट्यूलिप. समितीचे साहेब खुशीत होते. त्यांनी कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि रिवाज म्हणून विचारलं, "काही आक्षेप?"

सेयिल उठली. पुढे जाऊन तिने टेबलावर पिशवी ठेवली. रक्ताळलेले केस आणि एक खूर. म्हणाली, "हे तेकेसायच्या तोंडाशी मिळालं. नोंद करणं माझं काम आहे, मी केली. यापुढचं मला माहीत नाही." माझ्याकडे न बघता ती जागेवर जाऊन बसली. त्या पोरीला मीच शिकवलं आहे, असं वागायला.

साहेबांचा चेहरा उतरला. माणूस वाईट नाही ग. त्यांनाही सही करून घरी जेवायला जायचं होतं. पिशवीत डोकावून ते मला म्हणाले, "बुरुल एजे, लांडगे असतील. नाही का? यंदा लांडगे फार झालेत."

अख्खी सभा माझ्या मानेकडे बघत होती. ती नुसती खाली-वर हलवायची होती. शेजारीण, गावच्या थोरल्या आजी, दुकानवाली, सगळ्या बघत होत्या. सगळ्यांच्या घरची पातेली घासून पालथी घातलेली.

मी उभी राहिले. काय बोलणार आहे ते मला खरंच ठाऊक नव्हतं. आणि ऐकलं तर मी म्हणत होते, "लांडगे कांदा घालून शिजवत नाहीत, साहेब. मांस माझ्या घरात शिजलं. मी खाल्लं."

 साहेबांनी टोपण पेनाला परत लावलं. "कोणी आणलं?"

मी तोंड उघडलं. पहिलं अक्षर ओठांवर आलं, तसंच, गोठ्यातल्यासारखं. पुढचं नाही. मी उभी, तोंड उघडं, चेहरा तापलेला, आणि सगळं गाव वाट बघतंय. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "पाणी द्या कोणी तिला."

तेवढ्यात मागच्या बाकावरून टोपी सावरत थोरले उठले.

"ती माझी केलिन आहे," ते म्हणाले. "तिला उभं जाळलंत तरी माझं नाव ती घेणार नाही. म्हणून मीच घेतो. ओमुराली. लिहा. तेके मी आणला, तंगडी मी दिली. पाठ मोडलेला, हिमलोटात सापडला होता."

हिमलोट म्हटल्याबरोबर सभा हसली. पोट धरून हसली. माझाच विनोद होता तो, इतकी वर्षं गावाने जपून ठेवलेला. थोरले टोपी हातात घेऊन उभे होते. मी हसले नाही.

साहेबांनी विचारलं, "आणि मोडलेली पाठ कुठे आहे?" कोण सांगणार? बाकी घरांतलं कोणीच उठलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. म्हणजे देते, पण थोडा.

दरी गेली, झानिल. शरद ऋतूपासून शिकारतळवाले येतील. कलम स्पष्ट होतं, मीच लिहिलं होतं. साहेब जाताना म्हणाले, "तुम्ही नुसती मान हलवली असतीत तर, एजे." माझ्यापेक्षा तेच जास्त हिरमुसले होते.

बाहेर थोरले घोड्याचा पट्टा आवळत होते. मी जवळ गेले. आभार मानावेत की भांडावं, ते ठरत नव्हतं. ते म्हणाले, "केलिन, पुन्हा पुलावर भेटलीस तर आधी नमस्कार करत जा. बाकीचं नंतर." आणि गेले. त्यांनी माझी लाज झाकली की मला उघडं पाडलं, यावर मी दोन दिवस विचार करते आहे. 

काल नूरूज होता. सुमोलोकच्या, म्हणजे अंकुरलेल्या गव्हाच्या खिरीच्या, कढईभोवती बायका आदली रात्रभर ढवळायला बसल्या होत्या, म्हणे. मला कोणी बोलावलं नाही. काल पहाटे दाराशी त्या खिरीची झाकलेली वाटी होती. कोणी ठेवली, माहीत नाही.

त्यांचं नाव वर लिहिताना हात अडला होता, ते तुला शाईच्या डागावरून दिसेल. पण लिहिलं. तू बरोबर होतीस असं मी लिहिणार नाही, कारण मला अजून ते कळलेलं नाही. कलम नसतं तर दरी मिळाली नसती. कलम होतं म्हणून दरी गेली. यातून तुला काही धागा सापडला तर मला कळव.

बुरुल


६ ऑक्टोबर

झानिल,

इतके महिने लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं जे होतं ते सगळं अर्धवट होतं.

मे महिन्यात बर्फ वितळलं. थोरल्यांनी सांगितलेल्या जागी सेयिलला एक मादी सापडली, पिल्लासकट, दोघंही हिमलोटात चेपलेली. म्हणजे म्हातारा खरं बोलत होता. मी जिल्ह्याला कळवलं. त्यांचं उत्तर आलं: नोंद घेतली. मी थोरल्यांकडे धावत गेले, म्हटलं, बाइके, खरं निघालं! ते म्हणाले, "मला माहीत होतं की. मी तिथे होतो." जाऊबाई आता उठून बसतात आणि मला टोमणे मारतात. कियिकच्या रश्श्याने बऱ्या झाल्या म्हणतात. तसं असेल तर मला आनंद व्हायला हवा आणि तो होतो, मग दरी आठवते.

निधीत आता फारसं काही उरलं नाही. उर्सुलाबाईंनी सभ्य पत्र लिहिलं, दुसऱ्या देशातली एक दरी त्यांना सापडली आहे. सेयिल तळवाल्यांकडे वाटाड्या म्हणून लागली. मला सांगायला आली तेव्हा मान खाली होती. मी म्हटलं, "अग, तुझ्यापेक्षा त्या डोंगराला ओळखतं कोण? निदान पिल्लांवर तरी गोळी जाणार नाही." हे मी तिच्यासाठी बोलले की माझ्यासाठी, देव जाणे.

कालपासून मोसम सुरू झाला. आज सकाळी मी पुलावर जाऊन उभी राहिले. शिर्दाक नेला नाही. कशासाठी गेले, तेही नक्की नव्हतं. वरून घोडी आली. पुढे सेयिल, मागे एक परदेशी पाहुणा, लाल गालांचा, दमलेला, फार खूश. सेयिलच्या घोड्यावर पोत्यात गुंडाळलेलं डोकं, शिंगं बाहेर. इतकी मोठी शिंगं, झानिल. आपल्या वेळी हा करडू असेल.

मला थोरल्यांनी सांगितलं होतं की आधी नमस्कार कर. केला. मग मी म्हणाले, "शिराल्गा."

सेयिलने लगाम ओढला. तिचा चेहरा मला बघवेना. "एजे," ती म्हणाली, "मांस वरच राहिलं. त्यांना फक्त शिंगं हवी होती."

"वरच राहिलं म्हणजे?"

"वर पडलंय. गिधाडं बसलीत."

पाहुण्याने तिला काही विचारलं. ही बाई काय मागते आहे, असंच असणार. सेयिलने काय सांगितलं ते मला समजलं नाही, पण तो समजल्यासारखा मान हलवायला लागला, खिशातून पाकीट काढलं आणि वाकून माझ्या हातावर एक नोट ठेवली. हसला, छातीवर हातही ठेवला. चांगला माणूस असावा. या दरीसाठी परदेशी लोकांकडून मी आयुष्यभर पैसे घेतले, दोन्ही हातांनी, मान ताठ ठेवून, कधी संकोच वाटला नाही. आज ती नोट हातावर पडली आणि मला रडू आलं. पुलावर, उजेडात, सगळ्यांसमोर.

मग सेयिलने आपले खिसे चाचपायला सुरुवात केली. शिराल्गा म्हणणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवता येत नाही, हे त्या पोरीलाही कोणी शिकवलेलं नसणार. एका खिशात दुर्बिणीचं फडकं. दुसऱ्यात एक कुरुत निघाला, दहीगोळा, जरा लोकर चिकटलेला. तो तिने दोन्ही हातांनी मला दिला.

नोट मी तिच्या खोगिराच्या पिशवीत परत कोंबली. उद्या सकाळी ती घोडा घेऊन पुन्हा वर जाणार आहे. मी आणि थोरलेही. गिधाडांनी जे ठेवलं असेल ते खाली आणू आणि वाटू. याला आता कलम आडवं येत नाही.

कुरुत मी पुलाच्या कठड्यावर बसून खाल्ला. फार खारट होता. तू तिथे भेटली असतीस तर तुला काही मागावं लागलं नसतं, अर्धा मोडून दिला असता.

तुझी एजे,
बुरुल